युअर मॅन परत येऊन रायला

२०२० साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष दर गुरुवारी सकाळी डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउनमधल्या आमच्या गल्लीत निवडला जायचा, कचऱ्याचे डबे बाहेर काढताना. निवडणारे गृहस्थ एकच होते. सुधाकरराव इंगोले, राहणार मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. लेकीकडे दोन महिन्यांसाठी म्हणून ते आणि काकू फेब्रुवारीत आले, आणि मग विमानंच बंद झाली.

डबा गडगडत फाटकाबाहेर आला की काका कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि समोरच्या मॉरीनबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "विथ ड्यू रिस्पेक्ट, मॅडम, युअर मॅन इज कमिंग बॅक. काइंडली नोट."

आयर्लंडमध्ये समोर हजर नसलेल्या कुठल्याही पुरुषाला 'युअर मॅन' म्हणतात. तो तुमचा असण्याची काही गरज नसते. हा शब्द काका मॉरीनकडूनच शिकले आणि त्यांनी तो एकाच माणसासाठी राखून ठेवला: जो तेव्हा अमेरिकेच्या गादीवर बसला होता तो. त्याच्या विरोधातल्या म्हाताऱ्या उमेदवाराचे पूर्वज आयर्लंडमधून गेलेले, त्यामुळे आख्खी गल्ली त्याला घरचा समजत होती. अशा गल्लीत उभं राहून काका घरच्या माणसाचा पराभव जाहीर करायचे, तोही अर्जातल्या इंग्रजीत.

कारण काकांना इंग्रजी फक्त अर्जातलंच येतं. तहसील कचेरीसमोर त्यांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप केल्यावर माणूस तसाच बोलायला लागतो. मॉरीनच्या मांजराने त्यांच्या कोथिंबिरीच्या कुंडीत घाण केली, तेव्हा काका कुंपणाशी जाऊन म्हणाले होते, "रिस्पेक्टेड मॅडम, आय बेग टू स्टेट दॅट युअर कॅट हॅज कम." मॉरीन अजून ते वाक्य लोकांना ऐकवते.

मी शेजारच्या घरात एका खोलीत भाड्याने राहते. खोली असं घरमालक म्हणतो. मी तिला खिडकी असलेलं कपाट म्हणते आणि हे मी त्याला लेखी कळवलेलं आहे. सँडीफोर्डच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासणं हा माझा पोटाचा धंदा, पण खरं काम म्हणजे पत्रकं. पुण्यात कॉलेजात होते तेव्हा फीवाढीविरुद्ध आणि अंधश्रद्धेविरुद्ध लिहायचे, इथे भाडेकरूंच्या हक्कांसाठी लिहिते. चुकीचं विधान कानावर पडलं की मला गप्प बसता येत नाही. त्यामुळे दर गुरुवारी मी माझा डबा घेऊन बाहेर पडायचे ती भांडणाच्या तयारीनेच.

"कशावरून येणार काका तुमचा युअर मॅन?"

"हवा हाये त्याची."

"कुठे आहे हवा? इथून अमेरिकेची हवा लागते तुम्हाला?"

"हवा पाहाची असते व पोरी. तू आकडे कायले पाहतं? लिहून घेजो, युअर मॅन परत येऊन रायला."

'लिहून घेजो' हा त्यांचा शिक्का. तो मारला की विषय संपला.

हवा पाहण्याची काकांची रीत मूर्तिजापुरात तयार झालेली. माणसाला त्याचं मत कोणाला असं कधी विचारायचं नाही, तो खोटंच सांगतो. त्याच्या समोरच्या घरातले कोणाला देतील ते विचारायचं. शेजाऱ्याबद्दल माणूस खरं बोलतो. आता ब्लँचर्डस्टाउनमध्ये अमेरिकेचे मतदार कुठून आणायचे? पण अमेरिकेत नातेवाईक नसलेला माणूस आयर्लंडमध्ये शोधून सापडत नाही, हे काकांना आठवडाभरात कळलं. मग काय, त्यांनी पोस्टमनला धरलं. डेक्लन त्याचं नाव, भाऊ फिलाडेल्फियाला.

"विथ ड्यू रिस्पेक्ट, सर, युअर ब्रदर्स अपोझिट हाउस, व्हॉट इज द कंडिशन?"

डेक्लन बिचारा दोन मीटरवर पाकिटं घेऊन उभा. त्याला काही कळलं नाही. "ग्रँड," तो म्हणाला. इथे घराला आग लागली तरी आधी 'ग्रँड'च म्हणतात.

"ऐकलं काय?" काका माझ्याकडे वळले. "ग्रँड म्हणते. म्हंजे युअर मॅन."

मॉरीनची चुलत बहीण बॉस्टनला. तिचं सगळं घर आणि समोरचं सगळं घर म्हाताऱ्याला मत देणार, असं तिने छातीठोक सांगितलं. काका हसले. "दोन्ही घरं एकाच बाजूची? म्हंजे कोनीतरी लपवून रायलं. युअर मॅन." कोणी काहीही सांगो, हवा एकाच दिशेने वाहायची. जावई निखिलदादा सॉफ्टवेअरवाला, त्याने सगळ्या राज्यांचा रंगीत तक्ता केला होता, टक्केवारीसकट. काकांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "जावईबापू, रंग फार सुंदर भरले."

इथवर हसण्यासारखंच होतं. पण मला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती ठाऊक असल्यामुळे मला हसू येत नव्हतं.

काकांचा मुलगा पंकज टेक्सासमध्ये नोकरीला आहे. त्याच्या पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. आत आहे तोवर ठीक, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की नवा शिक्का लागणार, आणि युअर मॅनने नेमकं त्या उन्हाळ्यात ते दार लावून घेतलं होतं. पंकज पाच वर्षं आईवडिलांना भेटलेला नव्हता. त्याला मुलगी झाली, रेवा, ती चालायला लागली, बोलायला लागली, आणि काकूंनी तिला फक्त मोबाइलच्या काचेत पाहिलं. दर रविवारी काकू त्या काचेवर बोट फिरवायच्या आणि फोन चुकून बंद व्हायचा. युअर मॅन गेला तर दार उघडेल, मुलगा येईल, नात मांडीवर बसेल: त्या घराची निवडणूक एवढीच होती.

आणि या घरातला बाप गल्लीत उभा राहून त्याच माणसाच्या नावाची दवंडी पिटत होता. मी हे सहन करणाऱ्यातली नाही.

"काका, तुमच्या पोराला कोंडून ठेवलंय त्याने. आणि तुम्ही त्याचा प्रचार करता?"

"प्रचार नाही व. अंदाज. अंदाजाले नातंगोतं नसते."

"मग निदान मनात तरी ठेवा तो अंदाज. काकूंना काय वाटत असेल?"

"तिले काय वाटते थे तिले विचार," असं म्हणून काकांनी पलीकडच्या फुटपाथवरून कुत्रा फिरवणाऱ्या एका अनोळखी माणसाला हाक मारून युअर मॅन येत असल्याचं कळवलं.

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. 'एका पित्यास जाहीर सवाल.' पानभर प्रश्न, प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी 'उत्तर द्या'. कॉलेजातल्या पत्रकांच्या शिकवणीप्रमाणे ते मी इंगोल्यांच्या दाराच्या फटीतून आत टाकलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या फटीतून परत आलं. एकाही सवालाचं उत्तर नव्हतं. लाल शाईने डावीकडे एक उभी रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं: 'समास सोडलेला नाही. असा कागद तहसीलदार हातात घेत नाही. मजकूर बरा.'

मी रागाने मागच्या अंगणात गेले. नोव्हेंबर लागला होता, मतदान दोन दिवसांवर होतं, आणि दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायला सरकारची बंदी होती. बोलायचं तर कुंपणावरून. पलीकडे काकू कपडे वाळत घालत होत्या. ऊन दिसलं की काकू कपडे घेऊन धावतात आणि दहा मिनिटांत पावसात परत काढतात. डब्लिनमध्ये त्यांचा हाच व्यायाम.

"काकू, मी स्पष्ट बोलते. काकांचं मला पटत नाही. तुमच्या मुलाचं ज्यात नुकसान, तेच व्हावं म्हणतात ते."

काकूंनी चिमटा दातात धरून माझ्याकडे पाहिलं. मग तो काढून दोरीला लावला.

"काहून चिडतं व? तुले माहीतच नाही काय?"

"काय?"

"ह्याईचा अंदाज आजपर्यंत खरा झाला नाही. ग्रामपंचायत नाही, नगरपरिषद नाही, विधानसभा नाही. एकदाही नाही." काकू हे कौतुकाने सांगत होत्या की खेदाने ते कळेना. "आमच्या इकडे लोक भ्यायचे. उमेदवार अर्जाची झेरॉक्स काढाले ये आणि हात जोडून म्हणे, इंगोले साहेब, काही करा, पण माह्यं नाव नका घेऊ. समोरच्याचं घ्या. पेढे आणून दे समोरच्याचं नाव घ्यासाठी."

"आणि काका घ्यायचे?"

"पेढे घे. नाव घेत नसे. अंदाजाचा धंदा नाही करायचा म्हणे." काकूंनी एक सदरा झटकला. "मग ह्याईचा दिगांबर उभा रायला. शाळेपासूनचा दोस्त. त्याच्यासाठी हे चौकात उभे राहून सांगत, दिगांबर येते, दिगांबर येते. मायेपोटी. दिगांबरचं डिपॉझिट गेलं. दोन वर्षं त्यानं आमच्या घरचा चहा नाही घेतला."

मी कुंपणाला टेकून हिशोब जुळवला.

"म्हणजे काका मुद्दाम युअर मॅनचं..."

"हळू बोल," काकू कुंपणाजवळ आल्या. "कबूल केलं की त्याचा असर जाते म्हणतेत. मार्च महिन्यापासून घसा फोडून रायले. मी रोज रातच्याला हळदीचं दूध देतो."

आता माझी अवस्था समजून घ्या. भर मे महिन्यात पुण्याच्या चौकात उभं राहून मी 'कार्यकारणभाव म्हणजे काय' हे पत्रक वाटलेलं आहे. मूर्तिजापूरच्या माणसाने डब्लिनमध्ये केलेल्या विधानाचा अमेरिकेतल्या मतपेट्यांवर परिणाम होत नाही, हे त्या क्षणी काकूंना समजावणं माझं कर्तव्य होतं. वाक्य तयारही होतं. काकू माझ्याकडे पाहत होत्या.

"मग मी आता काकांशी कसं बोलू?" मी विचारलं.

"जशी बोलतं तशीच बोल ना. तू विरोध केला की ह्याईले जोर चढते."

म्हणून मी विरोध करत राहिले. तोंडाने तेच बोलायचे, फक्त आता काकांचा आवाज जरा उतरला असं वाटलं की आणखी एखादा टोमणा जास्त हाणायचे. कार्यकारणभावाला मी तेवढे दिवस सुट्टी दिली.

मतदान झालं. बुधवारी सकाळी उठून पाहते तर युअर मॅन पुढे. जिथे म्हातारा सहज जिंकणार असं सगळे म्हणत होते तिथेही पुढे. बुधवारी आमच्याकडे डबे काढत नाहीत. तरी काका रिकामा डबा ओढत बाहेर आले आणि त्याच्या झाकणावर हात टेकून उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. जन्मात पहिल्यांदा त्यांचा अंदाज खरा व्हायला निघाला होता.

"काका, युअर मॅन पुढे आहे," मी म्हटलं.

"हो ना व." आवाज पार खोल गेलेला. "असं कधी झालं नाही."

समोरून मॉरीन ड्रेसिंग गाउनमध्येच दारात आली. तिचंही तोंड उतरलं होतं. "तुम्ही सांगत होता तेच झालं की हो, मिस्टर इंगोले," ती म्हणाली. "आता खूश ना?"

काकांनी डब्याच्या झाकणावरून हात फिरवला. मला त्यांची दया आली, आणि मला दया आली की मी ओरडते. "आता का गप्प? इतके महिने सांगत होता ना? हवा गेली वाटतं तुमची. सांगा ना मोठ्याने."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला कळलंय हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं, पण दोघांनीही काही कबूल केलं नाही. त्यांनी डबा सरळ केला, घसा साफ केला आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "विथ ड्यू रिस्पेक्ट, मॅडम, युअर मॅन इज हंड्रेड पर्सेंट कमिंग. नो डाउट व्हॉटसोएव्हर. युअर्स फेथफुली." कुठलंतरी कुत्रं भुंकायला लागलं.

मोजणी लांबत गेली. म्हातारा इंच इंच पुढे सरकायला लागला. काका दिवसातून चारदा बाहेर येऊन युअर मॅनचा विजय जाहीर करत होते. निखिलदादा मला म्हणाला, बाबांना काहीतरी होतंय, डॉक्टरांना फोन करू का? मी म्हटलं, नको, चांगलं चाललंय.

शनिवारी दुपारी चहाच्या वेळी निकाल लागला. युअर मॅन पडला. गल्लीत कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला, मॉरीन स्कोन्सची, म्हणजे इथल्या गोड पावांची थाळी घेऊन तिच्या भिंतीपाशी आली आणि थाळी भिंतीवर ठेवून दोन मीटर मागे सरकली. "मिस्टर इंगोले," ती गाण्याच्या चालीत म्हणाली, "युअर मॅन गेला."

"आय एम डीपली शॉक्ड, मॅडम," काका म्हणाले आणि एक स्कोन उचलला. "आय रिग्रेट द इनकन्व्हिनियन्स." दुसराही उचलला. इतक्या चवीने शोक करणारा माणूस मी पाहिलेला नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांची यथेच्छ टिंगल चालली होती. निखिलदादासारखे तक्तेवाले 'इंगोले काकांची हवा पंक्चर' असं लिहून हसरे चेहरे टाकत होते. काका प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवत होते.

तेवढ्यात पंकजचा फोन आला. काकूंनी मोबाइल लांब धरला, म्हणजे कुंपणावरून मलाही दिसावं. पंकज हसत होता. "काय बाबा, हरले ना?"

"हरलो ना बाप्पा," काका म्हणाले. तोंडात अजून स्कोन होता.

"मग आता येशीन ना रे?" काकूंनी विचारलं.

पंकजचं हसू ओसरलं. "बघू आई. असं लगेच काही बदलत नसतं. शिक्क्यासाठी तारीख मिळायला पाहिजे. वकिलाती बंद आहेत सगळ्या." मग तो म्हणाला रेवा अजून उठली नाहीये, नंतर करतो.

काकांनी उरलेला स्कोन थाळीत परत ठेवला. मग तो उष्टा आहे हे लक्षात येऊन खिशात टाकला.

पुढच्या वर्षी वसंतात व्हिसावरची ती बंदी खरोखरच संपली. तारीख मात्र मिळाली नाही. पंकज रोज पहाटे उठून तारखा पाहत होता. आधी म्हणाला उन्हाळ्यात बघू, मग म्हणाला दिवाळीत बघू. या प्रकाराचा निषेध करणारं पत्रक मी दोनदा लिहायला घेतलं, पण ते कोणाच्या दाराच्या फटीतून टाकायचं ते सापडेना. तिकडे महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेने हाहाकार माजवलेला. त्यामुळे काका-काकूंचाही मुक्काम वाढतच गेला.

मे महिन्यात दुकानं उघडली. काकूंना रेवासाठी काहीतरी घ्यायचं होतं, म्हणून निखिलदादाने आम्हा तिघांना शॉपिंग सेंटरला सोडलं. काकूंना पिवळे गमबूट आवडले, बदकाच्या तोंडाचे. आयर्लंडला येईल तर पाऊस असणारच, असा त्यांचा हिशोब. पोरगी चार वर्षांची होत आलेली, तर चार वर्षांच्या मापाचे. त्यांनी ते काउंटरवर नेऊन ठेवले.

काउंटरवरची मुलगी बोलघेवडी होती. "काय गोड आहेत. नातीसाठी का? येणार आहे का ती इकडे?"

"नो, नो," काका एकदम पुढे झाले. अख्खं दुकान वळून पाहायला लागलं इतक्या जोरात बोलले. "शी इज नॉट कमिंग. माय सन इज ऑल्सो नॉट कमिंग. नो चान्स. काइंडली नोट."

मुलगी बिचारी लाल झाली, सॉरी म्हणाली. काकू मात्र समाधानाने हसल्या आणि पर्समध्ये पैसे शोधायला लागल्या. मीही माझं काम केलं. "असं कसं काका, येणारच ती," मी तितक्याच मोठ्याने म्हटलं, आणि काका "नाही म्हंजे नाही" म्हणून माझ्यावर गरजले. आमचं झकास जमलं होतं.

मग काकूंचं डोकं पर्समध्ये असताना काकांनी काउंटरवरचे गमबूट उचलले. मांडणीपाशी जाऊन ते जागेवर ठेवले. पाच वर्षांच्या मापाचा जोड काढला, हातात धरून पाहिला, तोही ठेवला आणि सहाचा काढला. तो त्यांनी आणून काउंटरवर ठेवला.

काकूंनी पैसे दिले. पिशवीत घालताना त्यांनी एक बूट उलटा करून तळावरचा आकडा वाचला, काकांकडे पाहिलं, आणि पिशवीचं तोंड बांधून टाकलं.